मायकेल फॅरडे

लंडन शहराच्या दक्षिण अंगाला न्यूइंग्टन बट्स नावाची एक वस्ती आहे. तेथे एका लोहाराच्या घरी २२ सप्टेंबर १७९१ रोजी मायकेल फॅरडेचा जन्म झाला. त्याचे वडील कष्टाळू व देवभीरू होते. परंतु प्रकृती तोळामासा असल्यामुळे रोज भट्टीपुढे उभे राहून घण घालणे त्यांना झेपत नसे. काम नाही त्या दिवशी मजुरी नाही, अशी घरची स्थिती होती. १८०१ साली इंग्लंडात धान्य अतिशय महाग झाले. त्या वेळी मायकेलच्या वाट्याला आठवड्यास एक पाव येई आणि तोच त्याला सात दिवस पुरवून खावा लागे. लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब एवढेच त्याचे शिक्षण झाले. मोठ्या विद्यालयाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधीच चढला नाही. तरीही आज जगात जेथे जेथे वीज निर्माण होते, जेथे जेथे तिचा दाब वाढवला किंवा उतरवला जातो, तेथे तेथे या लोहाराच्या मुलाचे ऋण मान्य करावे लागते.

घरच्या गरिबीमुळे १८०४ साली मायकेल जॉर्ज रिबो नावाच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात कामाला लागला. आरंभी तो गिऱ्हाइकांच्या घरी वर्तमानपत्रे पोचवी व वाचून झाली की परत घेऊन येई. मुलगा मेहनती व प्रामाणिक आहे हे पाहून रिबोने पुढच्याच वर्षी त्याला पुस्तकबांधणीच्या उमेदवारीस ठेवले. ही उमेदवारी सात वर्षांची होती. पाने शिवावी, पुठ्ठे चढवावे, पाठीवर चामडे बसवावे, असे त्याचे काम चाले. बांधणीला येणारी पुस्तके इतर मुलांच्या हातांखालून नुसतीच जात. मायकेल मात्र काम संपले की ती उघडून वाचत बसे. एकदा त्याच्या हाती ज्ञानकोशाचा एक खंड आला. त्यात विजेवर एक मोठा लेख होता. तो वाचून मायकेल इतका भारला गेला, की त्याने काचेची बाटली व जुने लाकूड जमवून घर्षणाने वीज उत्पन्न करणारे एक लहानसे यंत्र स्वतःच तयार केले. जेन मार्सेट या विदुषीने लिहिलेल्या रसायनशास्त्रावरील पुस्तकानेही त्याला अशीच गोडी लावली. पुस्तकात लिहिले आहे म्हणून ते खरे, असे मात्र तो मानीत नसे. जे जे करून पाहण्याजोगे असेल ते ते करून पाहावे आणि मगच त्यावर विश्वास ठेवावा, ही सवय त्याला त्या वयातच जडली आणि ती जन्मभर टिकली.

त्या सुमारास लंडनमध्ये एका विद्याप्रेमी गृहस्थाच्या घरी संध्याकाळी विज्ञानावर व्याख्याने होत. प्रत्येक व्याख्यानास एक शिलिंग पडे. मायकेलजवळ एवढे पैसे कोठून असणार? त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट हा वडिलांप्रमाणेच लोहारकाम करी. धाकट्या भावाची तळमळ पाहून तो आपल्या कमाईतून हे शिलिंग त्याला देई. पुढे १८१२ साली दुकानातील एका गिऱ्हाइकाने मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशन या विख्यात संस्थेतील व्याख्यानांची तिकिटे दिली. व्याख्याता होता सर हंफ्री डेव्ही. त्या काळी त्याच्याएवढा नामांकित रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडात दुसरा नव्हता. मायकेलने चारही व्याख्याने तन्मयतेने ऐकली, सविस्तर टिपणे काढली, आकृत्या रेखाटल्या आणि सुमारे तीनशे पानांचे ते हस्तलिखित आपल्याच हाताने सुबक बांधून ठेवले.

आता बांधणीच्या धंद्यात त्याचे मन रमेना. कितीही हलके काम मिळाले तरी चालेल, पण विज्ञानाची सेवा करावी, अशी त्याला तीव्र इच्छा झाली. त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र पाठवले. त्याचे उत्तरही आले नाही. तेव्हा धीर करून त्याने ते बांधलेले हस्तलिखित डेव्हीकडे पाठवले. डेव्हीने त्याला बोलावून घेतले व मोठ्या ममतेने वागवले. मात्र जागा रिकामी नव्हती, म्हणून हातचा धंदा न सोडण्याचा सल्ला दिला. थोड्याच दिवसांनी प्रयोगशाळेतील मदतनिसाला कामावरून दूर करण्यात आले आणि डेव्हीला त्या तरुण बांधणीकाराची आठवण झाली. १ मार्च १८१३ रोजी फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाला. आठवड्याचा बेताचा पगार आणि माळ्यावरच्या दोन खोल्या एवढेच त्याला मिळाले. पण त्या बाटल्या व नळ्या धुताना त्याला राज्य मिळाल्याचा आनंद होत असे.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या प्रवासास निघाला. त्याने फॅरडेला बरोबर घेतले. या दीड वर्षाच्या प्रवासात फॅरडेला पॅरिसमध्ये अँपिअर आणि मिलानमध्ये विद्युत्घटाचा जनक व्होल्टा यांच्यासारख्या थोर पुरुषांचे दर्शन घडले. परंतु डेव्हीची पत्नी त्याला नोकराप्रमाणे वागवी. चारचौघांत त्याला मान खाली घालावी लागे. एकदोनदा परत फिरावे असेही त्याच्या मनात आले. पण शिकायला मिळते आहे या एका विचाराने त्याने तो अपमान गिळला.

१८२० साली डेन्मार्कमधील अर्स्टेड या शास्त्रज्ञाने एक नवल जगापुढे मांडले. तारेतून विजेचा प्रवाह वाहू लागला की तिच्याजवळची चुंबकसूची हलते, असे त्याला दिसून आले. वीज आणि चुंबक यांच्यात काही नाते आहे हे त्यावरून सिद्ध झाले. साऱ्या युरोपातील विद्वान या प्रश्नाच्या मागे लागले. फॅरडेने सप्टेंबर १८२१ मध्ये एका पात्रात पारा भरला, त्याच्या मध्यभागी चुंबक उभा केला आणि वरून लोंबणाऱ्या तारेचे टोक पाऱ्यात बुडवले. तारेतून प्रवाह सोडताच ती चुंबकाभोवती गरगर फिरू लागली. विजेपासून सतत गती मिळाली ती जगात प्रथमच. आजचा पंखा, पाण्याचा पंप आणि विजेवर धावणारी आगगाडी यांच्या यंत्रांचे मूळ त्या पाऱ्याच्या पात्रात आहे.

या यशाबरोबर एक मोठे दुःखही त्याच्या वाट्याला आले. वुलस्टन नावाच्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाने तसाच काही प्रयोग डेव्हीच्या मदतीने करून पाहिला होता; तो साधला नव्हता. फॅरडेने आपला शोध घाईने छापला आणि त्यात वुलस्टनचे नाव घातले नाही. लगेच त्याने दुसऱ्याची कल्पना चोरली अशी कुजबुज सुरू झाली. फॅरडे स्वतः वुलस्टनला जाऊन भेटला आणि त्याने आपली बाजू सरळपणे मांडली. वुलस्टनचा प्रयोग वेगळा होता व त्याने मनात अढी ठेवली नाही. पण ज्या डेव्हीने फॅरडेला हात दिला होता, त्याचेच मन कलुषित झाले. फॅरडेला रॉयल सोसायटीचा सभासद करावे अशी सूचना आली तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष असलेल्या डेव्हीने तिला विरोध केला. तरीही १८२४ च्या जानेवारीत फॅरडे निवडून आला. त्याच्या विरुद्ध एकच मत पडले. यानंतरही त्याने आपल्या गुरूविषयी कधी वावगा शब्द उच्चारला नाही. डेव्हीने आपल्यावर केलेले पहिले उपकार तो अखेरपर्यंत कृतज्ञतेने सांगत असे.

आता त्याच्यासमोर एक मोठे कोडे होते. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकत्वापासून वीज का मिळू नये? १८२२ सालीच त्याने आपल्या वहीत हे काम करावयाचे म्हणून टिपून ठेवले होते. १८२४ मध्ये त्याने प्रयत्न केला. काही झाले नाही. १८२५ मध्ये त्याने दोन तारा मध्ये कागद घालून शेजारी शेजारी ठेवल्या, एकीतून प्रवाह सोडला आणि दुसरीत प्रवाह उमटतो का ते पाहिले. सुई जागची हलली नाही. १८२८ मध्ये पुन्हा निराशाच पदरी आली. मधल्या काळात दुर्बिणीसाठी उत्तम काच तयार करण्याचे किचकट काम त्याच्यावर सोपवण्यात आले होते. त्यात त्याची कित्येक वर्षे गेली. पण प्रश्न त्याच्या मनातून गेला नाही. अपयश आलेला प्रत्येक प्रयोगही तो वहीत यशाइतक्याच काळजीने नोंदवून ठेवी.

२९ ऑगस्ट १८३१ हा दिवस उजाडला. फॅरडेने मऊ लोखंडाचा गोल गज वाकवून व त्याची टोके सांधून सहा इंच व्यासाचे एक कडे करवून घेतले होते. कड्याच्या एका अंगावर त्याने तांब्याच्या तारेचे वेढे गुंडाळले. तार तारेला चिकटू नये म्हणून मध्ये सुतळी आणि कापड घातले. दुसऱ्या अंगावर त्याने तारेची दुसरी गुंडाळी केली. दोन्ही गुंडाळ्या एकमेकींना कोठेही टेकत नव्हत्या. त्यांच्यामध्ये काय तो लोखंडाचाच दुवा होता. दुसऱ्या गुंडाळीची तार त्याने तीन फूट अंतरावर असलेल्या एका चुंबकसूचीवरून नेली. मग त्याने पहिली गुंडाळी विद्युत्घटांना जोडली. त्याबरोबर सुई थरथरली, मागेपुढे झाली आणि पुन्हा आपल्या जागी येऊन स्थिरावली. प्रवाह वाहत होता, तरी सुई स्थिर होती. त्याने जोड सोडवला. सुई पुन्हा हलली आणि स्थिर झाली.

दुसरा कोणी असता तर कोठेतरी हिसका बसला असेल म्हणून त्याने तिकडे दुर्लक्ष केले असते. फॅरडेने मात्र ती क्षणभराची थरथर पकडली. प्रवाह नुसता वाहत राहिला तर दुसऱ्या तारेत काहीच घडत नाही. तो सुरू होताना किंवा बंद होताना, म्हणजे त्यात बदल होत असतानाच, दुसऱ्या तारेत वीज उत्पन्न होते, हे त्याच्या ध्यानात आले. दहा वर्षे तो आणि इतर विद्वान स्थिर प्रवाहाकडून वीज मागत होते. ती देण्याचे सामर्थ्य होते बदलात. जिनिव्हा येथील कोलाडन नावाच्या शास्त्रज्ञाने १८२५ सालीच जवळजवळ हाच शोध लावला असता. परंतु चुंबकाचा परिणाम सुईवर होऊ नये म्हणून त्याने सुई शेजारच्या खोलीत ठेवली होती. इकडे चुंबक हलवून तो तिकडे जाऊन पाही, तोपर्यंत सुई पुन्हा स्तब्ध झालेली असे. शोध त्याच्या दाराशी आला आणि तो खोली ओलांडीपर्यंत निघून गेला.

पुढचे दोन महिने फॅरडेने स्वतःला प्रयोगांत बुडवून घेतले. १७ ऑक्टोबरला त्याने तारेच्या पोकळ गुंडाळीत लोहचुंबक झटकन आत घातला व बाहेर ओढला. दर वेळी तारेत प्रवाह उमटला. २८ ऑक्टोबरला त्याने एका प्रचंड चुंबकाच्या दोन टोकांमध्ये बारा इंच व्यासाची तांब्याची तबकडी फिरवली. तबकडी फिरत असेपर्यंत वीज अखंड मिळत राहिली. हेच जगातील पहिले जनित्र. २४ नोव्हेंबर १८३१ रोजी हे सारे प्रयोग रॉयल सोसायटीपुढे वाचण्यात आले. अमेरिकेत जोसेफ हेन्री हाही स्वतंत्रपणे याच वाटेने चालला होता. पण आपले शोध प्रथम प्रसिद्ध करण्याचा मान फॅरडेला मिळाला.

या शोधांवर फॅरडेला अमाप पैसा मिळवता आला असता. कारखानदार त्याला रसायनांच्या पृथक्करणासाठी मोठ्या रकमा देत असत. परंतु धन आणि संशोधन या दोहोंची चाकरी एकाच वेळी करता येणार नाही हे ओळखून त्याने बाहेरची कामे हळूहळू सोडून दिली. त्याची जिज्ञासा चौफेर धावू लागली. १८३३ साली त्याला आढळले, की सिल्व्हर सल्फाइड हा पदार्थ तापवला तर त्यातून वीज अधिक सुलभतेने वाहते. धातूंची गोष्ट याच्या नेमकी उलट असते. ज्यांना आज आपण अर्धवाहक म्हणतो, त्यांच्या या गुणाची ही पहिली नोंद होय. दोन धातूंच्या पत्र्यांमध्ये काच, गंधक किंवा लाख घातली असता विजेचा साठा कमीजास्त होतो, हेही त्याने १८३७ च्या सुमारास मोजून दाखवले. म्हणून विद्युत्साठ्याच्या क्षमतेच्या एककाला पुढे त्याच्याच नावावरून फॅरड असे नाव मिळाले.

फॅरडेला उच्च गणित येत नव्हते. चुंबकावर कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस भुरभुरला की ज्या सुंदर रेषा उमटतात, त्या रेषांच्या साहाय्याने तो विचार करी. अवकाशात या रेषा खरोखरच असतात, असे तो म्हणे. अनेक पंडितांना ही कल्पना पोरकट वाटली. पुढे मॅक्सवेल या प्रतिभावान गणितज्ञाने त्याच रेषांना समीकरणांचे रूप दिले आणि फॅरडेची दृष्टी किती खोल होती ते जगाला पटवले.

अतिश्रमामुळे पन्नाशीच्या आधीच फॅरडेची प्रकृती ढासळली. त्याची स्मरणशक्ती त्याला दगा देऊ लागली. ज्याचा सारा भार निरीक्षणावर, त्याला कालचे आज आठवू नये, याहून मोठी आपत्ती कोणती? फॅरडे खचला नाही. प्रत्येक प्रयोग क्रमांक घालून वहीत लिहून ठेवण्याची त्याची शिस्त आता त्याच्या कामी आली. या नोंदींची संख्या सोळा हजारांवर गेली. मुलांवर त्याचे विशेष प्रेम होते. नाताळच्या सुटीत रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानमालांपैकी एकोणीस मालांत त्याने स्वतः व्याख्याने दिली. साधी मेणबत्ती हातात घेऊन तिच्या ज्योतीतून तो साऱ्या रसायनशास्त्राचे दर्शन घडवी.

समुद्रकाठच्या दीपगृहांचा सल्लागार म्हणूनही त्याने अनेक वर्षे काम केले. १८५८ साली साउथ फोरलँड येथील दीपगृहात जनित्राच्या विजेवर दिवा लावण्यात आला. फिरत्या तबकडीतून निघालेली ती इवलीशी वीज आता खलाशांना वाट दाखवू लागली होती. फेब्रुवारी १८६० मध्ये त्या दिव्याची पाहणी करण्यासाठी तो निघाला, तेव्हा बर्फाने रस्ते बंद झाले होते. अडुसष्ट वर्षांचा तो वृद्ध कुंपणे ओलांडीत शेतांतून पायी चालत दीपगृहापर्यंत पोचला. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद देऊ केले असता त्याने ते नम्रपणे नाकारले. अखेरची वर्षे त्याने व्हिक्टोरिया राणीने दिलेल्या हॅम्प्टन कोर्ट येथील घरात, पत्नी सारा हिच्या सहवासात, शांतपणे घालवली. २५ ऑगस्ट १८६७ रोजी आपल्या खुर्चीत बसलेला असतानाच त्याने देह ठेवला. लंडनमधील हायगेट येथे त्याची साधी समाधी आहे.

त्याचे लोखंडी कडे मात्र त्याच्यामागे थांबले नाही. वीज तारांतून दूर नेऊ लागले तेव्हा एक अडचण उभी राहिली. प्रवाह मोठा असला की तारा तापतात आणि बरीचशी वीज वाटेतच वाया जाते. प्रवाह एकदशांश केला तर ही हानी शंभरावा भाग उरते. पण तेवढीच शक्ती पोचवायची तर विजेचा दाब दसपट करावा लागतो. तो वाढवावा कसा? उत्तर फॅरडेच्या कड्यात होते. पहिल्या गुंडाळीला शंभर वेढे आणि दुसरीला हजार वेढे दिले तर दाब सुमारे दसपट होतो. वेढे उलट दिले तर तो तितकाच उतरतो. अट एकच, की प्रवाह सारखा बदलता हवा. म्हणूनच दिशा बदलणारा प्रवाह वापरात आला. १८८५ साली बुडापेस्टमधील झिपरनोव्स्की, ब्लाथी व डेरी या तीन अभियंत्यांनी बंद कड्याच्या तत्त्वावर व्यवहारोपयोगी रोहित्र तयार केले आणि १८८६ मध्ये अमेरिकेत विल्यम स्टॅनलीने रोहित्रांच्या साहाय्याने एका गावात दिवे लावले. १९१५ साली सह्याद्रीतील पाण्यावर खोपोली येथे टाटांनी निर्माण केलेली वीजही याच रीतीने उंच दाबाने मुंबईपर्यंत नेण्यात आली आणि तिच्यावर तेथील कापडगिरण्या चालू लागल्या.

आज आपल्या घरी येणारी वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते. गल्लीच्या कोपऱ्यावरील रोहित्र तिचा दाब उतरवून ती घरात पाठवते. मोबाइलच्या चार्जरमध्ये तिचा दाब आणखी उतरवावा लागतो. या लहानशा डबीत अर्धवाहकाचा तुकडा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू व बंद करतो. बदल इतका जलद असल्यामुळे बोटाच्या पेराएवढे रोहित्रही पुरते. विद्युत्साठा करणारा भाग दाबातील चढउतार सपाट करतो, आणि दाब ठरल्यापेक्षा कमीजास्त होऊ लागला की चालू-बंदचे प्रमाण बदलून तो आपोआप पूर्ववत केला जातो. गुंडाळ्यांचे कडे, विद्युत्साठ्याची क्षमता आणि अर्धवाहकाचा गुण या तिन्हींचा छडा लावण्याच्या कामी एकाच माणसाचे हात लागले होते.

ते मूळ कडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवलेले आहे. त्यावरचे कापड जुने झाले आहे. त्यात सोने नाही, रत्न नाही. आहे ते थोडे लोखंड, थोडे तांबे आणि पुष्कळशी चिकाटी. पुस्तके बांधता बांधता ती वाचणाऱ्या, अपयशाचीही नोंद ठेवणाऱ्या आणि सुईची क्षणभराची थरथर नजरेआड होऊ न देणाऱ्या एका गरीब मुलाने ते जगाला दिले.